माहितीपटांची यादी : शनिवारपर्यंत नावे पाठवा

मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार,

गणेश चवथीला घरी पाहुणे येतील, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास) बांधून झाली की दुपारी सगळे टीव्हीपुढे बसतील. तेव्हा मालिकांपेक्षा बरे काही लावता यावे म्हणून घरी पाहण्याजोग्या माहितीपटांची यादी करतो आहोत. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत ती वाचून दाखवू.

प्रत्येकाने एकच नाव द्यावे. स्वतः शेवटपर्यंत पाहिलेलेच. सोबत भाषा, लांबी आणि का आवडला ते दोन ओळींत. (मागच्या वेळी एकाने अकरा नावे पाठवली, त्यांतली नऊ न पाहिलेली!)

सुरुवात मी करते. शौनक सेन यांचा 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२), हिंदी. दिल्लीतले दोन भाऊ साबणाच्या डिस्पेन्सरच्या कारखान्याच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. एक घार झेप घालून चष्माच पळवते, तो प्रसंग चुकवू नका. संथ आहे, घाई असेल तर लावू नका.

मुले असतील तर कार्तिकी गोन्साल्विस यांचा 'द एलिफंट व्हिस्परर्स' बरा. बोम्मन, बेल्ली आणि अनाथ हत्तीचे पिल्लू रघू. २०२३ चे ऑस्कर मिळाले, लांबी साधारण ४० मिनिटे. तमिळ आहे, आजीला उपशीर्षके वाचून दाखवावी लागतील.

चोरून उतरवलेल्या प्रतींच्या लिंक ग्रुपवर टाकू नयेत. टाकल्यास काढून टाकू.

रविवारी पाऊस असणारच, छत्र्या खालीच ठेवा.

– सचिव