काच अडकली म्हणजे मोटर गेली असं नव्हे

महोदय,

उघड्या टपाच्या जुन्या गाडीची पॉवर विंडो अडकली की अनेक गॅरेजांत थेट मोटर बदलायला सांगतात. हा खर्च बऱ्याचदा टळतो. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येत असेल, तर दोष बहुधा रेग्युलेटरचा (दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा) किंवा त्याच्या केबलचा. आवाजच नसेल तर आधी फ्यूज पाहावा. मग बटण दाबून धरून मोटरच्या कनेक्टरच्या दोन्ही टोकांना मल्टिमीटर लावावा. १२ व्होल्ट मिळूनही मोटर गप्प असेल, तरच ती दोषी. व्होल्टेज कमी भरलं तर स्विचचे जळके पॉइंट आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी तपासाव्यात. दार सतत उघडून-मिटून त्या आतून तुटतात, वरून मात्र धड दिसतात.

रेग्युलेटर सोडण्याआधी फ्यूज काढावा, काच दाराला चिकटपट्टीने पक्की करावी. या गाड्यांत काचेला वरची चौकट नसते, म्हणून बोल्टांच्या मूळ जागा मार्करने आखून घ्याव्यात. २-३ मिलिमीटरचा फरकही टपाच्या रबराशी फट ठेवतो आणि पावसाचं पाणी सीटवर येतं. काचेच्या रबरी खाचेत इंजिन ऑइल मुळीच घालू नये, रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रे पुरे.

एक वाचक, पुणे