इंटरफेस म्हणजे रिकामा क्लास नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोग्रामिंगमधली ‘ज्यात मेथडची नुसती नावे असतात तो इंटरफेस’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या परीक्षेपुरती ठीक (मेथड म्हणजे नाव दिलेली एक कृती). पण तो हवा कशाला, हे तिच्यातून कळत नाही.

जावा या प्रोग्रामिंग भाषेतला ‘कंपेरेबल’ हा इंटरफेस घ्या. त्यात मेथड एकच, कंपेअर-टू. तो राबवणारा क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, ही मेथड लिहून देण्याचा शब्द देतो. वस्तू समोरच्या वस्तूपेक्षा लहान असेल तर ऋण संख्या द्यायची, सारखी असेल तर शून्य, मोठी असेल तर धन. क्रम लावणाऱ्या सॉर्टला वस्तू तारीख आहे की विद्यार्थी, याच्याशी देणेघेणे नाही. त्यामुळे एकदा लिहिलेला सॉर्ट उद्या तयार होणाऱ्या क्लासलाही चालतो. म्हणजे इंटरफेसची खरी सोय वापरणाऱ्या कोडला आहे. क्लास लिहिणाऱ्याला तर उलट कामच वाढते!

कोडचे भाषांतर करणारा कंपायलर मात्र मेथड आहे एवढेच पाहतो, ती शब्दाला जागते का हे नाही. कंपेअर-टूमध्ये अनेकजण सरळ वजाबाकी करतात. 2 अब्जांतून उणे 2 अब्ज वजा केले की उत्तर 4 अब्ज. 32 बिटांच्या इंटची, म्हणजे जावातल्या नेहमीच्या पूर्णांकाची, कमाल मर्यादा 2,14,74,83,647; ती ओलांडली की आकडा गुंडाळून ऋण बाजूला जातो. म्हणून हाती येते उणे 29,49,67,296, आणि मोठी संख्या लहान ठरते. तिथे इंटिजर क्लासची तयार ‘कंपेअर’ मेथड वापरावी.

शिवाय 2014 च्या जावा 8 पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथडचा, म्हणजे क्लासने स्वतः न लिहिल्यास चालणाऱ्या मेथडचा, कोडही लिहिता येतो. जुन्या इंटरफेसमध्ये नवी मेथड घातली की तो राबवणारे सगळे क्लास कंपाइल होईनासे होत, त्यावरचा हा उपाय. ती व्याख्या पुस्तकांत अजून तशीच छापली जाते.

आपले,
प्रोग्रामिंग शिकवणारे काही वाचक