20 झोक्यांचा हिशेब

कोल्हापूर,
रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "शेजारच्या वहिनींच्या भाच्याला 10 पैकी 4 दिलेस म्हणे? उत्तर तर बरोबर होतं की त्याचं." मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल रागावले. रागावले नव्हते गं, पण दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं ते.

इथं पावसानं लावून धरलंय. सकाळी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पोरं भिजत येतात आणि छत्री मिटायच्या आधी एकमेकांना विचारतात, बंधाऱ्यावर पाणी किती? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पाठ. पहिल्या दिवशी मी त्यांना तेच विचारलं होतं: तिथं मोजणाऱ्यानं पट्टी न बघता कालचाच आकडा लिहिला तर चालेल का? सगळी एका सुरात नाही म्हणाली. मग मी फळ्यावर गुणांची वाटणी लिहिली. उपकरण नीट लावणं, लीस्ट काउंट (त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप) आणि झीरो एरर (रिकामं असताना शून्य दाखवतंय का) बघणं, याला 3. स्वतः घेतलेल्या रीडिंगला 3. ग्राफ आणि आकडेमोडीला 2. उत्तरात फरक का पडला हे शोधण्याला 2. उत्तर पुस्तकाशी जुळलं, याला वेगळा गुण नाही. रीडिंग पेननं लिहायचं, चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खोडरबर बाकावर दिसता कामा नये.

त्या भाच्याचा प्रयोग लंबकाचा होता. एक मीटर दोऱ्याला गोळा टांगायचा, 20 झोक्यांना किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्व काढायचं. त्याच्या जर्नलमध्ये तीन वेळा मोजलेला वेळ होता 40.15, 40.15, 40.15 सेकंद. आई, बोटानं घड्याळ दाबणाऱ्या माणसाला तीनदा तोच शतांश मिळत नाही. दहाव्या हिश्शाचा फरक तर पडतोच. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलमधून उतरवलेले आकडे होते ते. म्हणून रीडिंगला शून्य आणि कारण शोधायला काही उरलंच नव्हतं, तिथंही शून्य.

त्याच्याच शेजारी राधानगरीकडची एक मुलगी बसते. तिचं उत्तर आलं 10.86. असायला पाहिजे 9.78च्या आसपास. पुस्तकात 9.8 छापतात, पण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, म्हणून कोल्हापुरात थोडं कमी. पोरगी रडायच्या बेतात, पण आकडा बदलला नव्हता तिनं. 38.2, 38.0, 38.2, तिन्ही तसेच. मी म्हटलं, मला परत करून दाखव, मोठ्यानं मोज. तिनं गोळा बाजूला ओढला, सोडला आणि सोडतानाच म्हणाली, "एक." मी काही बोलले नाही. गोळा जाऊन परत आला, ती म्हणाली, "दोन..." आणि तिथंच थांबली. माझ्याकडं बघितलं. "मॅडम, झोका तर एकच झालाय." सोडताना शून्य म्हणायचं असतं. तिचे 20 म्हणजे खरे 19 होते. 19 नं भागून बघितल्यावर उत्तर बरोबर जागेवर आलं. जुनं रीडिंग रेघ मारून तसंच ठेवलं आणि खाली चार ओळींत लिहिलं, कुठं चुकलं ते. तिला 9 दिले. एक कापला, तो मोजणीच्या चुकीचा.

आई, तू डेअरीला दूध घालतेस. फॅट कमी लागली की तू म्हशीला काय चारलं ते आठवतेस, वही बदलायला सांगत नाहीस. मीही एवढंच मागतेय त्यांच्याकडं. भाचा येत्या शनिवारी येणार आहे प्रयोग परत करायला. हे वहिनींना सांग.

आता बाबा, तुमच्यासाठी.

उद्यमनगरात तुम्ही लेथवर होता तेव्हा मी डबा घेऊन यायचे. जॉब मोजायच्या आधी तुम्ही मायक्रोमीटर मऊ फडक्यानं पुसायचात, रिकामा बंद करून शून्यावर बसतोय का बघायचात, मग एकाच जागी तीनदा मोजायचात. दहा मायक्रॉनसाठी एवढं कशाला, म्हणून मी कंटाळायचे. आज मी पोरांना स्क्रू गेज, म्हणजे तुमचा मायक्रोमीटरच, शिकवते, तेव्हा माझे हात तुमच्यासारखे चालतात.

पण एक सांगायचं राहून गेलंय. मी पहिल्या वर्षाला असताना लंबकाचं माझं उत्तर 9.4 आलं होतं. तपासणाऱ्यांनी वर न बघता सांगितलं, "9.8 येईल असं कर, मग सही." मी घरी येऊन उलटा हिशेब करून वेळ लिहिली. लाल शेऱ्याचं जर्नल तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही एकच विचारलंत, "किती वेळा मोजलंस?" मी म्हणाले, तीनदा. बाबा, एकदाच मोजलं होतं. बाकीची दोन रीडिंगं मी तुमच्याच टेबलावर बसून तयार केली होती. 9.4 का आलं, ते मला आजही माहीत नाही.

पाणी उतरलं की मी गावी येते. तुमचा जुना मायक्रोमीटर लाकडी पेटीत असेल, माळ्यावर. तेल लावून ठेवा. पोरांना हातात द्यायचाय.

तुमची लेक