हप्ता सुरू होण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘हे सगळं धावणं नेमकं कुणासाठी?’ असं तू विचारलंस आणि त्याच पत्रात खाली लिहिलंस की घरचे फ्लॅट बुक कर म्हणून मागे लागलेत, कारण बायोडाटात ‘पुण्यात स्वतःचं घर’ नसेल तर स्थळं पुढे सरकत नाहीत. तुला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, मला एकच वाटते. म्हणून आधी हिशेब मांडतो.

75 लाखांचा टू बीएचके धर. या रकमेच्या कर्जावर बँक किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे 60 लाख. उरलेले 15 लाख तुझे. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे सव्वापाच लाख (घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी), नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, पावणेचार लाख. म्हणजे पंख्याचा खिळा ठोकण्याआधीच 24 लाखांच्या वर गेले. ही रक्कम बहुतेक घरांत वडिलांच्या पीएफमधून येते, आणि मग नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, महिना सुमारे 52,070 रुपये. पहिल्या हप्त्यातले 42,500 नुसतं व्याज, मुद्दल फिटते साडेनऊ हजार. दहा वर्षांत तू साडेबासष्ट लाख भरलेले असतील आणि तरी 42 लाख बाकी असेल. निम्मी मुदत संपली म्हणजे निम्मं कर्ज फिटलं, असं सगळे धरून चालतात. तसं होत नाही.

पझेशन लांबलं तर भाडंही चालू आणि बँकेने बिल्डरला दिलेल्या रकमेवरचं व्याजही चालू, शिवाय त्या नुसत्या व्याजाच्या हप्त्याने (प्री-ईएमआय) मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही. दुसरी गोष्ट व्याजदराची. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप वाढली. 2023 पासून दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेने द्यायलाच हवा. तो मागून घ्यावा लागतो, तोही लेखी.

तुला नोकरी सोडून गावाकडच्या शाळेत शिकवायचंय, हे तू कॉलेजपासून बोलतोस. 52 हजारांचा हप्ता असताना ते जमणार नाही. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, मग बँकेला घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस. ही भीती डोक्यावर असली की माणूस न पटणाऱ्या साहेबापुढेही मान डोलावतो. समाजाचा दबाव म्हणतात तो दर महिन्याला असा खात्यातून कापला जातो, आणि ज्यांनी आग्रह केला त्यातलं कुणी एक हप्तासुद्धा भरत नाही.

घर घेऊच नकोस, असं मी म्हणत नाही. आईवडिलांना उतारवयात जवळ आणायचं असेल तर ते फार चांगलं कारण आहे. पण मग हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसव, सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते बाजूला ठेव, आणि दर वर्षी एक हप्ता जास्त भर. त्याने तीन-साडेतीन वर्षं वाचतात, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो.

आणि स्थळाचं म्हणशील तर मध्यस्थांना वगळून मुलीशीच बोल. भाड्याच्या घरात राहायला, पुढेमागे गावी जायला ती तयार आहे का, हे पहिल्या भेटीतच विचार. फ्लॅटची अट कित्येकदा तिची नसते, दोन्हीकडच्या काका-मामांची असते.

टोकन मात्र आत्ता देऊ नकोस. बिल्डरची कॉस्ट शीट आणि बँकेचं सँक्शन लेटर आलं की दोन्ही मला पाठव. पार्किंग, क्लब हाऊस, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम, सगळं ओळीओळीने बघू.

आईबाबांना नमस्कार.

तुझाच