प्रिंटरसोबत आलेला तपासनीस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धातूचे थ्रीडी प्रिंटर बनवणाऱ्या कंपन्या हल्ली दुसऱ्या कंपनीचं गुणवत्ता-तपासणीचं सॉफ्टवेअर आपल्या मशीनसोबत देऊ लागल्या आहेत. त्याचं कौतुक होतं आहे, आणि निम्मं कौतुक रास्तही आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

या प्रिंटरमध्ये भुकटीचा साधारण ३० ते ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर पसरतो, लेझर हवी तेवढीच जागा वितळवतो आणि वर पुढचा थर येतो. दहा सेंटिमीटर उंचीचा जॉब, म्हणजे छापायचा भाग, ४० मायक्रॉनने चढवला तर थर झाले अडीच हजार. त्यातल्या एखाद्यात भुकटी नीट पसरली नाही किंवा लेझर कमी पडला, की आत पोकळी राहते आणि वरून जॉब चकाचक दिसतो. व्हर्निअर, सीएमएम ही बाहेरून मापं घेणारी साधनं तिथे हात टेकतात. सीटी स्कॅन महाग, शिवाय इन्कोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूच्या जाड भागातून क्ष-किरण धड आरपार जात नाहीत. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएस-४ हे पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं छापील इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले. पण वेल्ड असला की निदान कुठे शोधायचं ते तरी ठाऊक असतं. इथे दोष अख्ख्या अंगात कुठेही असू शकतो. म्हणून थर चढतानाच कॅमेरा आणि फोटोडायोडने वितळत्या धातूवर नजर ठेवायची, हे उत्तमच. आणि ती नजर प्रिंटरवाल्याची स्वतःची नसावी, हेही पटतं.

पण नेमकं इथंच घोडं पेंड खातं. मी उभी हयात इन्स्पेक्शनमध्ये काढली. आपल्या हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांना थर्ड पार्टी इन्स्पेक्शन नवं नाही. तिथे इन्स्पेक्टर कोणाचा, हे गिऱ्हाईक ठरवतं. इथे मशीन विकणाराच तपासनीस निवडून आणतो, आणि सेन्सरचा कुठला डेटा त्याच्यापुढे ठेवायचा तेही त्याच्याच हातात. मग त्याला त्रयस्थ कसं म्हणायचं?

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. या क्षेत्रातलं जुनं नाव म्हणजे अमेरिकेची सिग्मा लॅब्स, तिचं सॉफ्टवेअर प्रिंटराइट थ्रीडी. २०२३ मध्ये या कंपनीने आपला हा व्यवसाय डायव्हर्जंट नावाच्या कंपनीला विकायचा करार केला. मूळ कंपनी पुढे नेक्स्टट्रिप झाली आणि चक्क पर्यटनाच्या धंद्यात गेली! उद्या आपल्या एखाद्या कारखान्याचा डेटा अशाच लायसन्समागे कुलूपबंद राहिला, तर चावी मागायची कोणाकडे? विमानाच्या भागांचे रेकॉर्ड वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात, हे नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम बनवणाऱ्यांना सांगायला नको.

केंद्राच्या २०२२ च्या अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग (म्हणजे थ्रीडी छपाईच्या) धोरणात जागतिक बाजारातला ५ टक्के वाटा गाठायचं उद्दिष्ट होतं. त्या उत्साहात विदर्भातल्या कॉलेजांत किंवा उद्योगांच्या सामायिक केंद्रांत सरकारी पैशाने असे प्रिंटर येतील तेव्हा निविदेत दोन अटी घालाव्यात. पहिली, प्रत्येक थराचा कच्चा डेटा विनालायसन्स उघडेल अशा फॉरमॅटमध्ये खरेदीदाराच्या ताब्यात मिळावा. दुसरी जास्त महत्त्वाची. मशीन ताब्यात घेण्याआधी एक मुद्दाम बिघडवलेला जॉब छापून घ्यावा: चार-सहा ठिकाणी लेझरची पॉवर उतरवायची, जागा विक्रेत्याला सांगायच्या नाहीत. सॉफ्टवेअरने दोष कुठे दाखवले ते लिहून घ्यायचं, मग तोच जॉब बाहेरच्या लॅबमध्ये कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. लॅब मात्र खरेदीदाराने निवडलेली हवी. या दोन्हींचा ताळा जमला तरच सॉफ्टवेअरचे पैसे द्यावेत.

आपला,
एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर
हिंगणा रोड, नागपूर