घसा नंतर, आधी वर्ग बघ

पुणे

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

वर्गात शिकवून तुझा आवाज बसतोय, त्याबद्दल हे लिहितेय. ज्येष्ठमध चघळतेस ते खुशाल चघळ, कोरड कमी होते. पण गिळलेली कुठलीच गोष्ट स्वरतंतूंवरून, म्हणजे आवाज काढणाऱ्या घशातल्या दोन पट्ट्यांवरून, जात नाही. घास असो की काढा, तो अन्ननलिकेत उतरतो आणि तेवढा वेळ स्वरयंत्र मिटलेलं असतं. काढा तंतूंना लागला असता तर ठसक्याने जीव घाबरा झाला असता. तिथे थेट पोचते ती हवा, आणि हवेतली वाफ किंवा धूळ. म्हणून संध्याकाळी नुसत्या पाण्याची वाफ पाच-सात मिनिटं घे. त्यात बाम घालू नकोस, त्याने बरं वाटतं पण घसा आणखी कोरडा पडतो. पाणी दिवसभर घोटघोट पी. शाळेत तू का पीत नाहीस ते सांगायला नको. स्वच्छतागृहात जायला नको म्हणून सकाळच्या सत्रातल्या कितीतरी बाई साडेबारापर्यंत कोरड्याच राहतात. यावर काढा नाही, हा विषय स्टाफ मीटिंगमध्येच काढायला हवा.

आता जरा हिशेब. बोलताना बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. 35 मिनिटांच्या तासिकेत आवाज प्रत्यक्ष 10 मिनिटंच चालला असं धरलं तरी 1 लाख 20 हजार धडका झाल्या. सहा तासिकांच्या 7 लाखांच्या वर. आवाज चढवला की प्रत्येक धडक जोरात बसते. सर्वांत जास्त मार तंतूंचा पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो तिथे बसतो. तिथे आधी सूज येते, आणि मार चालूच राहिला तर दोन्ही बाजूंना समोरासमोर गाठी धरतात. या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेकदा स्पीच थेरपीने उतरतात. सवय न बदलता नुसत्या कापून काढल्या तर परत येतात.

आवाज चढतो तो आवाजामुळेच. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, ठरवूनही ते फारसं आवरत नाही. मुलांना शब्द नीट कळायला बाईंचा आवाज गोंगाटापेक्षा 15 डेसिबल वर असावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपर्यंतच असावा असं म्हटलंय. पेठेतल्या रस्त्यावरच्या वर्गात रिक्षा, बस आणि डोक्यावर खडखडणारा पंखा मिळून तो सहज 60 वर जातो. मग शेवटच्या बाकापर्यंत 75 पोचवायचे कुणी? त्यात मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने पडतो. वर्गात भिंतींमुळे थोडा कमी पडतो, पण तो घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात.

म्हणून आधी वर्गाकडे बघ. एकदा मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात टाळी वाजव. टाळीमागे शेपटी ऐकू आली तर वर्ग घुमतोय. मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड किंवा जाड कापडाचा फलक लावला की बराच फरक पडतो. रस्त्याकडच्या खिडक्या लावून घे, व्हरांड्याकडच्या उघड्या ठेव. खडखडणारा पंखा शिपाईकाकांकडून कसून घे, बाकांच्या लोखंडी पायांना रबरी टोप्या बसवून घे. फळा ओल्या फडक्याने पूस. कोरडं डस्टर नाकासमोर झटकणं बंद. आणि लिहिताना बोलू नकोस: फळ्याकडे तोंड करून बोललेलं अर्धं भिंतीलाच जातं, मग तेच पुन्हा ओरडून सांगावं लागतं. सांगायचं ते बाकांमधून फिरत सांग. गप्प करायला टेबलावर घंटी ठेव आणि मुलं शांत होईपर्यंत तोंड उघडू नकोस. पहिला आठवडा जड जातो, नंतर घंटीच पुरते.

हेडसेट माइक आणि कमरेचा छोटा स्पीकर घे असं मी मुद्दाम सांगतेय. लोक काय म्हणतील हा विचार नको. माइक तोंडासमोर नाही, ओठांच्या कोपऱ्याशी दोन बोटं अंतरावर असावा, नाहीतर ‘प’, ‘फ’ला फटाके फुटतात. स्पीकरचं तोंड माइककडे वळलं की शिट्टी वाजते. स्पीकर टेबलावर ठेवलास तर तू त्याच्या मागे उभी राहा. आवाज इतकाच वाढव की तू घरी जेवताना बोलतेस तसं बोललीस तरी शेवटच्या बाकावर नीट पोचेल. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: माइकमध्येही ओरडतात.

पहिल्या तासिकेआधी शिक्षकांच्या खोलीत दोन-तीन मिनिटं स्ट्रॉचा व्यायाम कर. पेला अर्धा भर, स्ट्रॉ पाण्यात 2-3 सेंटीमीटर बुडव आणि ‘ऊ’ म्हणत सारखे बुडबुडे काढ. मग हळूहळू सूर वर-खाली ने. बुडबुडे थांबले तर तू श्वास कोंडतेयस. खांदे उचलू नकोस. स्ट्रॉ फार खोल गेली तर जोर लावावा लागतो आणि फायदा जातो. दोन तासिकांच्या मध्ये मिनिटभर पुरे.

घसा बसला की कुजबुजायचं नाही. पुष्कळजणी कुजबुजताना तंतू उलट ताणतातच. खाकरण्याऐवजी एक घोट गिळ. सकाळी उठल्यावर आवाज घोगरा आणि दुपारपर्यंत मोकळा होत असेल तर आम्लपित्ताचा संशय घे: रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी. सकाळी ठीक आणि शाळा सुटताना बसलेला, तर तो कामाचा भार. तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून दुर्बिणीने तंतू बघून घे. ओरडताना एकाएकी आवाज गेला, थुंकीत रक्त दिसलं, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, मानेत गाठ लागली, तर त्याच दिवशी जा.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक शिक्षक आणि आठवड्याला तयारीसकट 45 तास काम असं लिहिलंय. पण हे गणित शाळेच्या एकूण पटावर मांडतात, म्हणून तुझ्या तुकडीत 60 मुलं असूनही कागद बरोबर दिसू शकतो. पोलंडमध्ये शिक्षकांचे आवाजाचे दीर्घकाळचे विकार व्यावसायिक आजार मानतात. आपल्याकडे कामगार भरपाईच्या यादीत गोंगाटाने आलेलं बहिरेपण आहे, आवाज नाही. म्हणजे भरपाई मिळेल या भरवशावर राहू नकोस, वेळापत्रक मात्र बदलून माग.

डॉक्टरांची चिठ्ठी जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे. नुसतं ‘त्रास होतो’ लिहू नकोस, नेमकं माग: सहा आठवडे सलग तीन तासिका नकोत, परिपाठ नको, रजेवरच्या बाईंचा वर्ग अंगावर नको, आणि जमलं तर व्हरांड्यापलीकडची, रस्त्यापासून आतली खोली. पर्यवेक्षकांशी तोंडी बोलणं झालं तरी अर्ज दोन प्रतींत कर आणि दुसरीवर तारखेसकट पोच घे. हे दिवाळीच्या सुट्टीआधी उरक, नंतर स्नेहसंमेलनाच्या सरावात कुणी ऐकणार नाही. संध्याकाळच्या ढोल पथकाला जाणार असशील तर जा, वाजव, पण तिथे बोलायचं नाही, हाताने खुणा कर.

तुझी
आई