परिवीक्षा अधिकारी मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. विधी पदवीच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्र व दंडशास्त्र हा विषय निवडताना मला तो सोपा वाटला होता. आपल्या कार्यालयात काढलेल्या चार आठवड्यांनी तो समज दूर केला, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत म्हणून हे पत्र.

परिवीक्षा म्हणजे दोषी व्यक्तीला तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली मोकळे ठेवणे. त्याविषयीच्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम ६ मला पाठ होते. एकवीस वर्षांखालील दोषी व्यक्तीला, गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा आणि तरीही कैद सुनावल्यास कारणे नोंदवावीत, असे ते सांगते. मात्र तो अहवाल लिहायचा कसा, हे मला ठाऊक नव्हते. कलम ७ नुसार असे अहवाल गोपनीय असतात, म्हणून आपण खरा अहवाल एकही दाखवला नाहीत. मोटारसायकल चोरलेल्या, पारधी वस्तीत राहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे काल्पनिक प्रकरण मात्र स्वतः रचून दिलेत.

मी लिहिले, “गुन्हेगारी प्रवृत्तीच्या वस्तीत वाढल्यामुळे.” आपण त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून विचारलेत, “दिलेल्या माहितीत हे कुठे आहे?” कुठेच नव्हते. इटालियन गुन्हेगारीशास्त्रज्ञ लोंब्रोसोने १८७६ मध्ये मांडलेला जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धांत कसा टिकला नाही, यावर मी नुकतीच परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. १८७१ पासूनच्या कायद्यांनी पारधींसारख्या अख्ख्या जमातींवर मारलेला ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का १९५२ मध्ये रद्द झाला, हेही त्यात होते. तोच शिक्का मी त्या मुलावर पुन्हा मारला होता, आणि मला ते जाणवलेही नव्हते.

आपण रागावला नाहीत. मुलाची शाळा कोणत्या इयत्तेत व का सुटली, घरी त्याची हमी कोण घेईल, दर महिन्याच्या हजेरीसाठी एसटीचे भाडे त्याला परवडेल का, असे एकेक विचारत आपण माझ्याकडून तो अहवाल चार वेळा लिहून घेतलात. इतका वेळ देणे आपल्या कर्तव्याचा भाग नव्हता, हे मी जाणते.

चौथ्या मसुद्यात आपण एकच दुरुस्ती केलीत, “सदर इसम” खोडून तिथे मुलाचे नाव लिहिलेत. तो कागद मी जपून ठेवला आहे. वकिलीची सनद मिळाली की प्रथम आपल्याला भेटायला येईन.

आपली कृतज्ञ,
विधी शाखेची एक विद्यार्थिनी